पोचा पडलेलं पातेलं

अहो, आज रविवार. सकाळी उठले, चूळ भरली आणि हाताच्या सवयीनं गॅसवर खळ ठेवली. पीठ कालवून झालं, मेथीची पूड टाकून झाली, ढवळायला लागले, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला की ही खळ आता कुणासाठी? तुमचा तेरावा परवाच झाला. पाहुणे आपापल्या गावाला गेले. घर कसं मोकळंढाकळं झालंय. गॅस बंद करायला हात गेला आणि माघारी आला. खळ अर्धवट सोडली की गुठळ्या होतात, आणि गुठळ्या मला खपत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ढवळत उभी आहे आणि ढवळता ढवळता तुमच्याशी बोलतेय. एरवी तरी मी दुसरं काय करत होते? तुम्ही मागच्या शेडमध्ये, मी स्वयंपाकघरात. रविवारचं माझं निम्मं बोलणं भिंतीशीच व्हायचं.

काल संध्याकाळी भाऊजी आले होते. शेडची किल्ली मागत होते. बोलले गोडच, त्यात त्यांना कुणी नावं ठेवणार नाही.

"वहिनी, कांदा उघड्यावर हाय. दादाचा वर्ग आता कुठं चालणार हाय? ती शेड नुसती पडून राहनार. उद्या दुपारी ट्रॅक्टर लावू का?"

मी म्हटलं, उद्या सांगते. आपला संजू शेजारी बसला होता, त्यानं मान खाली घातली. त्याला काही बोलायचं होतं, पण चुलत्यापुढं बोलला नाही. अगदी तुमच्यावर गेलाय.

खरं सांगू? देऊन टाकावीशी वाटतेय किल्ली. दमले हो मी. हे पंधरा दिवस रडून, लोकांपुढं बसून दमले म्हणाल तर ते आहेच. पण त्याच्या आधीपासूनची दमलेय. दर रविवारी पातेलंभर खळ, वर सगळ्यांचा चहा, आणि संध्याकाळी शेडमधलं वाळलेलं झाडून काढायचं. आणि एवढं करून त्या शेडमध्ये माझं काय होतं? दुपट्यातून नुकत्या सुटलेल्या पोरांपासून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या गावाला तुम्ही पोत्यावर बसवलंत, हातात कागदाचा लगदा दिलात. मला एकदाही 'बस' म्हणाला नाहीत. एवढी वर्षं ही गोष्ट माझ्या घशात अडकून आहे. तुमच्या तोंडावर नीट बोलायची राहिली, आता फोटोपुढं बोलतेय. फोटो हसतोय. तुम्हीही असेच हसायचात, आणि मग माझा राग दुप्पट व्हायचा.

लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडं शिरूरला केवढं कौतुक! जावई पाबळला शिकून आलाय, पत्रा म्हणू नका, लाकूड म्हणू नका, वेल्डिंग म्हणू नका, सगळ्यात हात चालतो. आईला वाटलं, पोरीच्या घरात कपाटं होतील, दिवाण होईल. तुम्ही घरात एक साधी मांडणी ठोकली नाहीत. कुरकुंभला कंपनीत लागलात, शिफ्ट सुरू झाल्या, आणि उरलेल्या वेळात हे कागदाचं खूळ. शनिवारची नाईट करून यायचात, डोळे तांबडेलाल. डबा ठेवायचात, तोंडावर पाणी मारायचात आणि थेट शेडमध्ये गोणपाटं अंथरायला.

"अहो, दोन घास खाऊन तरी जा."

"आलो, आलो. पोरं खोळंबलीत."

पोरं कसली खोळंबलीत? पोरं चिंचा पाडत होती. पण तुम्हाला कोण सांगणार?

सुरुवातीला लोकांना वाटलं, हा गडी पंचायतीला उभा राहतोय. फुकट शिकवतोय म्हणजे मागं काहीतरी असणारच. आळीतले एक मोठे बागायतदार घरी येऊन, चहा पिऊन, हळूच विचारून गेले, "मग, कुठल्या वॉर्डातून विचार हाय?" तुम्ही म्हणालात, "लगद्याच्या." ते गेले ते तोंड वाकडं करून. मी आतून ऐकत होते आणि पदर तोंडात धरून हसत होते. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होतात. हेही सांगायचं राहिलं.

वस्तीवरची पोरं आणि आळीतली पोरं एका पोत्यावर बसली, ती लांडग्यांमुळं. तुम्ही वाघाचे मुखवटे करू म्हणालात. वस्तीवरची धनगरांची पोरं म्हणाली, वाघ कुणी बघितलाय? आम्हाला लांडगा करायचाय. मग सगळ्यांनी लांडगे केले. रद्दी भिजवली, कुटली, माझी खळ घातली, मातीच्या गोळ्यावर थापले. एकेकाचं लांब तोंड, दात बाहेर. वाळायला कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं मांडले. आणि दुपारी वस्तीवरच्या बिरा आबांची शेरडं आली आणि एका बाजूनं लांडगे खात सुटली. ज्वारीच्या पिठाची खळ, त्यांना काय, मेजवानीच. मी धावेपर्यंत निम्मे लांडगे शेरडांच्या पोटात.

पोरांनी हा आकांत मांडला! बिरा आबा काठी टेकत आले, भिंतीकडं बघितलं, डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, "आजवर लांडग्यानं आमची शेरडं खाल्ली. शेरडानं लांडगा खाल्लेला आज पयल्यांदा बघतोय बाबा."

रडणारी पोरं हसायला लागली. पण तुम्ही हसला नाहीत. गंभीर तोंड करून म्हणालात, "आबा, तुमच्या शेरडांनी खाल्लंय, आता तुम्ही करून द्यायचं. पुढच्या रविवारी या."

"म्या? ह्या वयात कागूद कुटू व्हय?"

"लांडगा तुमच्याइतका जवळून कुणी बघितलाय का इथं?"

आबा आले. एक लांडगा भरून दिला, मग दुसरा. मग म्हणाले, घरी बसून तरी काय करतोय, आन् दोस्तांना घेऊन आले. अशी तुमची म्हाताऱ्यांची बॅच सुरू झाली. सकाळी पोरं, ऊन चढलं की म्हातारे. पुढं पुढं कंपनीतली परगावची पोरंसुद्धा संध्याकाळी यायला लागली. दारात उभी राहून म्हणायची, "चाचीजी, थोडी लेई मिलेगी?" मी म्हणायचे, लेई नाही रे बाबा, खळ म्हण. गावात मला लोक त्या खळीवरूनच ओळखायचे. तुम्हाला कागदकाका म्हणायचे आणि मला खळकाकी. मला ते नाव कधीच आवडलं नाही.

मग बायकांची बॅच. तिथं माझं मन जे मोडलं ते मोडलंच.

आठवतंय ना? आठवतच असणार. तुम्ही आळीतून घरोघर गेला होतात. सासवांची समजूत काढलीत, "दुपारचं दोन तास पाठवा सुनेला, टोपली शिकून येईल, घरात भाकरीला होईल." शकूबाईच्या सासूला तर तुम्ही दोनदा जाऊन पटवलंत. मी घरात ऐकत होते. मला वाटलं, आता मलाही म्हणतील. आदल्या दिवशी मी नवी बांगडी काढून ठेवली होती, लगद्यात खराब होईल म्हणून. एवढी मी वेडी.

रविवारी बायका आल्या. लाजत लाजत बसल्या. मी खळीचं पातेलं घेऊन दारात उभी. आत बघितलं. जेवढ्या बायका तेवढीच गोणपाटं. एक जास्तीचं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "खळ ठेव तिथं, आणि जरा चहाचं बघ."

सगळ्यांच्या देखत.

मी खळ ठेवली. माघारी आले. मोरीत कालच्या भाताचं जर्मनचं पातेलं पडलं होतं, घासायला घेतलं. घासता घासता काय झालं कळलं नाही, उचललं आणि धुण्याच्या दगडावर आपटलं. असं आपटलं की बायकांच्या बॅचमधला आवाज बंद झाला. बुडाला हा एवढा पोचा. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. माझं पातेलं होतं, माझ्या आईनं दिलेलं होतं, मी आपटलं.

तुम्ही आलात. मला वाटलं, ओरडाल. मी तयारीतच होते, पदर खोचला होता. तुम्ही पातेलं उचललंत, पालथं केलंत, पोच्यावरून अंगठा फिरवलात. म्हणालात, "फुटलं नाही." आणि ते घेऊन शेडमध्ये गेलात. तिथून तुमचा आवाज आला, "घ्या, टोपली ह्याच्यावर थापायची."

मी दगडाशी तशीच उभी. नळ वाहत होता.

तेव्हापासून मी तुम्हाला विचारत आले, ती चेष्टा होती का माफी? दरवेळी तुम्ही हसलात. रागानं विचारलं तरी हसलात, लाडानं विचारलं तरी हसलात. एकदा म्हणालात, "टोपली होती, शालन." हे काय उत्तर झालं?

आणि पुढची गंमत बघा. प्रत्येकीनं आपापलं भांडं आणायचं ठरलं होतं, पण सासवा देईनात. "खायच्या भांड्यावर रद्दी थापायची व्हय? इटाळ हाय का काय?" त्यामुळं सगळ्या गावाला माझं एकच पातेलं. एकीनं त्याच्यावर लगदा थापायचा, पातेल्यासकट घरी न्यायचं, पत्र्यावर उन्हात ठेवायचं, खडखडीत वाळलं की टोपली सोडवायची आणि पातेलं दुसरीच्या घरी. आज शकूबाईकडं, उद्या वस्तीवर, परवा पार मळ्यात. मी दुसरं पातेलं काढून दिलं होतं तुम्हाला. चांगलं, गोल, बिनपोच्याचं. "हे न्या की, टोपली सरळ येईल." तुम्ही म्हणालात, "नको, त्या जुन्यावर हात बसलाय." माझं पातेलं वर्षानुवर्षं गावभर फिरलं. भात शिजवायला कधी हाताला लागलं नाही. पातेलं सगळ्यांच्या घरात जाऊन आलं आणि मी आपली ओट्याशी.

म्हणू नका की मी नुसती तक्रार करते. एक गोष्ट मी मनात धरून ठेवलीय. ते पातेलं फिरून घरी आलं की तुम्ही स्वतः घासायचात. बुडाला वाळलेला लगदा नखानं खरवडायचात, मग नारळाच्या शेंडीनं, मग राखेनं. पोच्यातलं निघायचं नाही, तर काडीनं काढत बसायचात. कंपनीतून दमून आलेला माणूस, मोरीत उकिडवा. आख्ख्या संसारात तुम्ही एवढं एकच भांडं घासलंत. मी दारातून बघायचे. मला वाटायचं, आता विचारावं. पण तुम्ही इतके मन लावून घासत असायचात की बोलवत नसे.

एकदा विचारलं बरं का मी, नीट विचारलं. माहेरच्या जत्रेला निघालो होतो, चौफुल्यावरून एसटी पकडली होती. आईसाठी तुम्ही टोपली घेतली होती मांडीवर. गाडी न्हावऱ्याच्या पुढं गेली, दोन्हीकडं ऊस. मला वाटलं, आता घरचं कुणी नाही, बायका नाहीत, पोरं नाहीत. म्हटलं, "एवढ्या जणींना बसवलंत, मला का नाही?" वळून बघितलं तर तुम्ही तोंड उघडं टाकून झोपलेले, डोकं माझ्या खांद्यावर. नाईट करून आला होतात. टोपली मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. उठवलं नाही मी. शिरूर येईपर्यंत खांदा हलवला नाही, बधिर झाला पार. परत विचारू, असं मनाशी म्हटलं. त्या 'परत'ला मुहूर्त लागला नाही.

थांबा, खळ झाली. उतरवते.

हं. सकाळी बोलणं अर्धं राहिलं. आता दिवस कललाय. मधल्या वेळात बरंच झालं, ते सांगते. पण त्याच्या आधी त्या दिवसांतलं एक सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

तुम्हाला नेलं त्या दिवशी आपली चूल बंद. रीतीप्रमाणं आळीतून भाकरी आल्या. मी भिंतीला टेकून बसले होते, कोण येतंय, कोण जातंय, शुद्ध नव्हती. शकूबाई पुढ्यात बसली. "वहिनी, चतकोर तरी खावा. पोराकडं बघून खावा." तिनं माझा हात धरून टोपलीत नेला. भाकरीखाली माझी बोटं टोपलीच्या तळाला लागली आणि तिथं टेंगूळ. मधोमध नाही, जरासं कडेला. मी हात फिरवला. ते टेंगूळ मला ओळखीचं होतं. पोच्यात लगदा भरला की आतून जो उंचवटा येतो, तो.

मी भाकरी बाजूला ठेवली आणि टोपली मांडीवर घेतली. मग दुसरी बाई आली, तिच्या टोपलीत पिठलं-भाकरी. तिच्याही तळाला टेंगूळ, त्याच जागी. वस्तीवरून आबांची सून आली, तिचीही तशीच. मळ्यातली आली. जिची जिची टोपली आली, तिला तिला मी हात घातला. सगळ्यांना माझा पोचा. मी दगडावर आपटलेलं गावातल्या घरोघरी जाऊन बसलं होतं, आणि त्यावर लोक रोज भाकरी ठेवत होते, पोराबाळांना वाढत होते.

अहो, मला हसू आलं. भर दुखवट्यात. रडत होते आणि मधेच खुदकन हसले, मग आणखी रडले. बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला.

आता आजचं. खळ उतरवली आणि मागच्या दारात गेले, तर शेडपुढं माणसं. कुणी बोलावलं नव्हतं. एरवी दंगा घालणारी पोरं भिंतीला चिकटून उभी. बिरा आबा काठीवर हनुवटी ठेवून ओट्यावर बसलेले. शकूबाई आणि तीन-चार जणी बायकांच्या वेळेची वाट न बघता सकाळीच आलेल्या. कुणी काही मागत नव्हतं. आबांनी मला बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, आज रइवार हाय."

एवढंच.

मी आत जाऊन किल्ली आणली. कुलूप गंजायला आलंय, तेल घालायला हवं. दार उघडलं, तर तुम्ही भिजत घातलेली रद्दी टाकीत तशीच, आंबूस वास सुटलेला. पोरांनी गोणपाटं अंथरली, प्रत्येक जण आपापल्या जागी बसला. तुमची जागा मोकळी ठेवली. आणि मी नेहमीसारखी खळीचं पातेलं घेऊन दारात उभी. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, काकी, बसा. कुणी म्हणालं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी मला कधी बसलेलं बघितलंच नव्हतं. आणि तेव्हा मला कळलं की हा शब्द आता कुणाकडूनच यायचा नाही. ज्याच्याकडून यायला हवा होता तो गेला.

मग मीच म्हटलं, "सरका."

शकूबाई बघतच राहिली. "क्काय?"

"सरक की गं जरा. बसायचंय मला."

ती सरकली. अर्ध्या पोत्यावर मी बसले. कोपऱ्यात आपलं पोच्याचं पातेलं पालथं पडलं होतं, ते ओढून घेतलं. टाकीतला लगदा पिळला, खळ कालवली. बायका बघत होत्या, मी कुणाकडं बघितलं नाही. पहिला गोळा घेतला आणि पोच्यात भरला. अंगठ्यानं दाबून दाबून भरला. जागा अगदी अंगठ्याच्या मापाची झालीय, घासून घासून. तुमच्या अंगठ्याच्या. मग मात्र मला दिसेना. नाक खांद्याला पुसलं आणि थापत राहिले. आबा लांबून म्हणाले, "कडंला जाड हुतंय, सूनबाई." म्हटलं, "होऊ द्या."

दुपारी भाऊजी ट्रॅक्टर घेऊन आले. मी तशीच उठून बाहेर गेले, कोपरापर्यंत लगदा. म्हटलं, "भाऊजी, कांदा तुमच्या ओसरीला टाका, नाहीतर आमच्या पडवीत टाका. पुढची खोली देते. शेड नाही." ते माझ्या हातांकडं बघत राहिले. "वहिनी, तुमी शिकवनार?" म्हटलं, "मी शिकतेय." ट्रॅक्टर वळवून गेले. रागावलेत थोडे, निवळतील.

तुम्हाला मी माफ केलंय असं समजू नका. बोलावलं नाहीत ते नाहीतच. चेष्टा होती का माफी होती, की तुम्हाला खरंच नुसती टोपली करायची होती, हे आता मला कधी कळायचं नाही, आणि हे ओझं घेऊनच मला इथून पुढं खळ शिजवायची आहे. दमणार आहे मी. आत्ताच कंबर मोडून आलीय. पण टोपली पत्र्यावर ठेवलीय उन्हाला, पातेल्यासकट. शेरडांची राखण करायला पोरं बसवलीत.

संजू मघाशी वर जाऊन बघून आला. चांगलं पोर आहे, आईसाठी काहीतरी करावं असं वाटतंय त्याला. म्हणाला, "आई, टोपली सुटली की पातेलं दौंडला घेऊन जातो. भांडीवाल्याकडून पोचा काढून आणतो. सरळ करून देतो तुला."

मी म्हटलं, "हात लावशील तर बघ."